खिळ्यावरची कढई

कालिम्नोस, ग्रीस, ८ जानेवारी १९७३

साकेलारिस,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून पोटात गोळा आला असेल तर आधी खाली बस. कोणी मेलेलं नाही. आई आहे, मी आहे, माझा नवरा आहे आणि त्याची कंबर आहे तशी दुखते आहे. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि तूही ईस्टरच्या कार्डापलीकडे काही धाडलं नाहीस. मग आता खुशालीच्या गप्पा मारून कागद कशाला भरू? काम आहे म्हणून लिहिते आहे.

माझ्या कालोतिनाचं ठरतंय. तू ऑस्ट्रेलियात डार्विनला गेलास तेव्हा अंगणात कोंबड्यांमागे पळायची ती. आता एकोणीस पूर्ण होतील. मुलगा नोमिकोस, खालच्या गल्लीतला. स्पंज कातरून साफ करतात त्या कारखान्यात आहे. समुद्रावर जात नाही, एवढं एकच मी बघितलं. नाकडोळे तिचे तिने बघितले. आपल्या रीतीने घर थोरल्या मुलीचं, तेव्हा आईकडून मला आलेलं हे घर आता कालोतिनाला जाणार आणि जावई इथे राहायला येणार. घोडं अडलंय ते इथेच.

परवा नोमिकोसची आई येऊन गेली. कॉफी प्यायली, चमचाभर मुरांबा खाल्ला, मुरांब्याची तारीफ केली, आणि मग रुमालाने तोंड पुसत म्हणाली, "मुलगी गुणाची आहे, थेमेलिना. पण मी माझा पोरगा सुतकाच्या घरात राहायला धाडायची नाही."

मी म्हटलं, "सुतक कसलं? अकरा वर्षं झाली."

"मग तुमच्या घरातून तळणाचा वास का येत नाही? अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आम्ही धुराच्या गुरुवारी येऊ. तुमच्या खिडकीतून धूर निघाला तर अंगठ्या घेऊन आत येऊ. नाही निघाला तर खालच्या खाली परत जाऊ, आणि राग मानू नका."

धुराचा गुरुवार तू विसरला नसशील. तिकडे आहे की नाही कोण जाणे. मोठ्या उपवासाआधीचा तो दिवस, ज्या दिवशी फाटक्यातला फाटकाही चुलीवर मांस टाकून गल्लीला वास लावतो. यंदा तो एक मार्चला येतोय. त्या दिवशी ज्या घरातून धूर निघत नाही, त्या घरात नुकतंच कोणीतरी गेलेलं असतं. किंवा ते घर आपलं असतं.

कारण तू पेटी उचलून बंदराकडे गेलास, त्याच संध्याकाळी आईने तळणीची काळी कढई घासली आणि चुलीवरच्या खिळ्याला अडकवली. तेव्हापासून या घरात तेल तापलेलं नाही. उकडायचं, भाजायचं, शिजवायचं. तळायचं नाही. मासे तळायला मी समोरच्या मागाफूलाकडे जाते आणि एप्रनखाली झाकून आणते. मागाफूला तीच, जिला बेटावरच्या प्रत्येक भांड्यातलं मीठ माहीत असतं. दर वेळी विचारते, "काय गं, घरात चूल आहे की चर्च?" मी दात काढते. काय करू?

आईशी भांडले. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "साकेलारिसला बोलाव. माझ्यासमोर बसू दे. मी एक गोष्ट विचारीन, तो सांगेल. मग काय हवं ते तळा."

"कोणती गोष्ट?"

"ती त्याला विचारायची आहे. तुला नाही."

मला न कळायला मी काय खुळी आहे? आपला धाकटा मिकेस गेला त्याचा जाब तिला हवाय. तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस ना, याच अंगणात, टोपी हातात धरून: तिसऱ्यांदा मीच स्पंजासाठी खाली उतरवलं, ऊन कललं होतं, पोरगा दमला होता, दोष माझा. त्यावर मी तुला जे बोलले ते बोलले. पण आई एक शब्द बोलली नव्हती, आठवतं? नुसती तुझ्या हाताकडे बघत होती.

तर ये. विमानाने ये, बोटीने ये, पोहत ये. मिकेस आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बेंगाझीच्या वाळूत पुरला आहे, त्याला काही आता विचारता येत नाही. तू जिवंत आहेस, तेव्हा तुलाच यावं लागेल.

थेमेलिना


२३ जानेवारी

साकेलारिस,

तुझं पत्र नाही. टपाल उशिरा आलं असेल किंवा तू घुम्यासारखा बसला असशील. दुसरंच खरं असणार, लहानपणापासून ओळखते तुला.

काल आईने कालोतिनाला खिम्याचे गोळे, आपले केफ्तेदेस, शिकवले. खिम्याशिवाय. हसू नकोस, मीही आधी हसले.

झालं असं की पोरगी म्हणाली, "आजी, धूर निघो न निघो, मला करता तरी यायला हवेत. उद्या सासूने विचारलं तर काय सांगू, आमच्याकडे फक्त उकडतात?" आई उठली. दोन दिवसांचा पाव काढला, कडा कापल्या, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवला. कांदा किसला, मुठीत धरून त्याचा रस काढून टाकला. वाळवलेला पुदिना तळहातावर चोळला. अंडं, मीठ, मिरी. परात पुढ्यात घेऊन बसली, आणि ते हात बघून मला वाटलं, ही काही विसरलेली नाही.

"पाव पिळताना दया करायची नाही," ती म्हणाली. "पाणी राहिलं की गोळा तेलात फुटतो. आणि मळायचं ते हात भरून येईपर्यंत. मग झाकून थंड जागी ठेवायचं आणि त्याच्याकडे बघायचंही नाही."

"पण आजी, खिमा?"

"खिमा आहे असं समज."

"मग नवराही आहे असंच समजू का?"

आई हसली. खरोखर हसली, मागच्या पडलेल्या दातांच्या जागा दिसतील इतकी. मला बरं वाटलं. मी दारात वाटाणे सोलत बसले होते आणि म्हटलं, चला, जमतंय. पाच आठवड्यांत ही बाई कढई खाली काढील, तू ये नाहीतर नको येऊस.

मग ती म्हणाली, "बोटीवरच्यांचे वेगळे करायचे. व्हिनेगर दुप्पट, म्हणजे आठवडा टिकतात. पण ते सगळे मोजून कप्तानाच्या पेटीत. कुलपात."

"कुलपात का? कोण चोरतंय?"

"पाणबुड्याच्या हाताशी अन्न ठेवायचं नसतं, पोरी. त्याने दिवसभर उपाशी उतरायचं आणि सूर्य बुडाला की जेवायचं. भरल्या पोटी खाली गेला तर पाणी पोट पिळतं, खाल्लेलं उलटून वर येतं, आणि डोक्यावर तो पितळेचा टोप स्क्रूने बसवलेला. वर येईस्तोवर टोपातच..."

तिथे थांबली. हात परातीतल्या पावात होते ते तसेच राहिले. कालोतिना म्हणाली, "आजी?" आई म्हणाली, "मिकेसला पुदिना जास्त लागायचा," आणि परात उचलून बाहेर गेली आणि सगळं कोंबड्यांना टाकलं. मिरी घातलेलं. कोंबड्यांनीही तोंड लावलं नाही.

संध्याकाळी बघितलं तर ती तिच्या खोलीत पेटी उघडून बसलेली. मांडीवर एक फडकं. निळ्या काठाचं, कोपऱ्यात तिनेच सुईदोऱ्याने काढलेलं जहाज आहे ते. मिकेसचं बोचकं परत आलं होतं त्यातलं. ती त्यावरून सारखा अंगठा फिरवत होती.

मी दिवा आणून ठेवला आणि निघाले. आत काहीतरी कुजतंय या घरात, साकेलारिस, आणि मला त्याचा वास येतोय पण ते कुठे आहे हे सापडत नाही. ये ना बाबा लवकर.

थेमेलिना


४ फेब्रुवारी

तुझं पत्र आलं. याला पत्र म्हणायचं तर.

"मी येऊ शकत नाही. आईला सांग, मी त्याला तिसऱ्यांदा उतरवलं, दोष माझाच. यापुढे सांगण्यासारखं काही नाही. मुलीला आशीर्वाद. तिला तळू द्या." झालं. अकरा वर्षांनी एवढंच. आमच्या नगरपालिकेचा शिपाई पाणी बंद राहणार असं कळवतो, तोही दोन ओळी जास्त लिहितो.

मला इतका राग आला की मी ते चुलीत टाकणार होते. मग वाटलं, म्हातारीला निदान कळू दे आपला लेक कसला दगड आहे. वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकलं, मान हलवली आणि विचारलं,

"त्याने काय खाल्लं होतं ते लिहिलंय?"

"कोणी?"

"मिकेसने. त्या दिवशी."

मला काही समजेना. मी म्हटलं, "आई, तो बुडी मारणारा, त्याने काय खायचं? उपाशीच असणार."

ती उठली, ते फडकं आणलं आणि माझ्या हातात दिलं. "हात लावून बघ," म्हणाली. "मऊ आहे ना?"

मऊच होतं.

"समुद्राच्या पाण्यात धुतलेलं कापड वाळलं की पुठ्ठ्यासारखं कडक होतं. हे गोड्या पाण्यात धुतलंय. साबण लावून. घडी घालून. बोटीवर प्यायला पाणी मोजून मिळतं, थेमेलिना, पुरुष महिनामहिना तोंड धूत नाहीत. तिथे कोणी माझं फडकं गोड्या पाण्यात धुतलं? आणि त्याला त्यातलं काय काढायचं होतं?"

मग तिने सांगितलं. मी जसं ऐकलं तसं लिहिते, मला नीट लिहिता येत नाहीये.

त्या वर्षी तुम्ही निघालात त्या पहाटे तिने केफ्तेदेस तळले. नेहमीसारखे मोजून तुझ्या पेटीत भरले. पण मिकेसची ती पहिली खेप. बावीसचा झाला तरी जेवताना आईकडे बघणारा पोरगा. तिला वाटलं, पेटी उघडणार रात्री, आठ दांडगे त्यावर पडणार, याच्या वाट्याला काय येणार? म्हणून मूठभर वेगळे केले. पुदिना जास्त घातलेले. या फडक्यात बांधले आणि त्याच्या अंथरुणात खोचले. सात पिढ्यांत कुठल्या बाईने असं केलं नसेल. पाणबुड्याच्या अंथरुणात अन्न. आणि ही बाई पाणबुड्याची मुलगी, पाणबुड्याची बायको. तिला माहीत नव्हतं असं नाही. "मला वाटलं, रात्री खाईल," ती म्हणाली. एवढंच म्हणत राहिली. "मला वाटलं, रात्री खाईल."

तेव्हा कळलं, कढई तुझ्यासाठी टांगलेली नव्हती. स्वतःच्या हातासाठी टांगली होती तिने.

आणि तू. तू ते फडकं धुतलंस. तूच, दुसरा कोण? तू टोप उघडलास, त्याच्या तोंडात काय होतं ते बघितलंस, आणि मग इथे येऊन टोपी हातात धरून तिसऱ्या बुडीची कहाणी सांगितलीस. मी तुझ्या अंगावर ओरडले, गल्लीने तुला वाळीत टाकल्यासारखं केलं, आणि तू जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलास. बोटीवर आठ माणसं होती, साकेलारिस. या बेटावर मांजर व्याली तरी दुपारपर्यंत पिल्लांचे रंग सगळ्यांना माहीत असतात, आणि आठ माणसांनी अकरा वर्षं तोंड उघडलं नाही. मी त्यांच्या बायकांबरोबर रोज पाण्याला उभी राहते. त्यांना माहीत असेल का? त्या माझ्याकडे बघून हसतात तेव्हा...

असो. मी आईला विचारलं, "इतकी वर्षं त्याला लिहून का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं," ती म्हणाली. "आणि मग मला ऐकावं लागलं असतं. आता मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. आता ऐकते."

आता नीट वाच. मला खरं काय ते नको आहे. तू तिला लिही की फडकं तसंच बांधलेलं सापडलं. गोळ्यांना बुरशी आली होती म्हणून तू ते समुद्रात टाकलेस आणि फडकं धुतलंस. पोरगा उपाशीच उतरला, थकव्याने गेला. अकरा वर्षं खोटं बोललास तसं आणखी एकदा बोल, पण या वेळी उपयोगाचं बोल. देव तुला माफ करील, न केलं तर मी आहेच. टपाल लगेच टाक. एक मार्चच्या आत पोचायला हवं.

थेमेलिना


१९ फेब्रुवारी

साकेलारिस,

हे तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते, कारण बोलायला दुसरं कोणी नाही. नवऱ्याला सांगितलं नाही. कालोतिनाला तर नाहीच, ती आपल्या चादरींना लेस लावत बसली आहे.

काल आईने कढई खाली काढली. मी बघत होते. तिने राखेने घासली, फडक्याने पुसली, उजेडात धरून बघितली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली. "अजून नाही आलं ना त्याचं?" म्हणाली.

मी कसायाला खिमा सांगून ठेवलाय. तो म्हणाला, "कोणाकडे तळणार?" त्यालाही माहीत.

गेल्या पत्रात मी तुला जे लिहायला सांगितलं ते बरोबर की चूक, रोज सकाळी एक वाटतं आणि दुपारी दुसरं. तू खोटं लिहिलंस तर ती ओळखेल. खरं लिहिलंस तर ती उभी राहील का? मला आई हवी आहे आणि मला मुलीचं लग्नही हवं आहे, आणि मला असंही वाटतं की तुला कोणीतरी या घरात परत हाक मारावी. सगळं एकाच पत्रावर लटकलंय आणि ते पत्र तुझ्यासारख्या घुम्याच्या हातात.

थे.


३ मार्च

साकेलारिस,

बुधवारी दुपारी आलं. मागाफूला खिडकीत होती म्हणून मी पाकीट पोटाशी धरून कोपऱ्यावरच्या भिंतीआड गेले आणि तिथेच उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिथेच उभी राहून ठरवलं की मी हे असं वाचणार नाही. वाचताना बदलायचं. बुरशीची गोष्ट मी तुला लिहिली होती, ती मला तोंडपाठ होती.

घरात आले. आई चुलीजवळ स्टुलावर बसलेली. मी पत्र उघडलं, घसा साफ केला, आणि "प्रिय आई" एवढं म्हणते न म्हणते तोच ती म्हणाली, "थांब. तुझे ओठ मी जन्मापासून बघते आहे. कालोतिना, लेस ठेव आणि तू वाच."

पोरीला काही माहीत नव्हतं. तिने सरळ वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं, मोठ्याने. तुझे शब्द तुलाच लिहून धाडते आहे, कारण ते या स्वयंपाकघरात कसे ऐकू आले हे तुला कळलं पाहिजे.

"आई, तो सकाळी फडकं घेऊन माझ्याकडे आला. सूर्य नुकता वर आला होता, बाकीचे हवेची नळी तपासत होते. म्हणाला, आईने मला वेगळे दिलेत, पेटीत टाकले तर आठ तोंडांत जातील, तू अर्धे खा. मी नको म्हणायला हवं होतं. मला भूक लागली होती, आणि घरचा वास आला. अर्धे त्याने खाल्ले, अर्धे मी. मी कप्तान होतो. माझ्या तोंडात घास होता, मग त्याला कुठल्या तोंडाने सांगू की आज उतरू नकोस? पहिल्याच बुडीला गेला. दुसरी झाली नाही, तिसरी तर नाहीच. फडकं मी धुतलं. पुदिना जास्त झाला होता."

कालोतिनाचा आवाज मधेच गेला, पण तिने शेवटपर्यंत वाचलं. माझी पोरगी आहे.

मी आईकडे बघायला घाबरत होते. ती रडली नाही. म्हणाली, "अर्धे मी, ते परत वाच." वाचलं. "परत." परत वाचलं.

मग ती म्हणाली, "म्हणजे दोघं एका फडक्यातून जेवले." आणि थोड्या वेळाने, "आणि एक मेला. माझ्या हातचं खाऊन मेला, थेमेलिना. ते काही बदलत नाही."

मी म्हटलं, "नाही बदलत, आई."

"आणि दुसऱ्याने ते एकट्याने उचललं. मी त्याला एक शब्द बोलले नाही. त्याला वाटलं, मी रागावले. मला वाटलं, त्याला सांगायचं नाहीये." ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून. "पुदिना जास्त म्हणे. लहानपणापासून याची हीच कटकट. धाकट्याला जास्त हवा, थोरल्याला नको, आणि मी मधे."

रात्री पाव भिजत घातला.

गुरुवारी सकाळी कसाई स्वतः खिमा घेऊन आला, बघायला म्हणून. आईने कोणाला हात लावू दिला नाही. पाव पिळला, कांदा किसला, पुदिना चोळला आणि मग पुन्हा डबा उघडून आणखी चोळला. दुपारी कढई खाली आली. तेल ओतलं, पावाचा तुकडा टाकून बघितला, आणि पहिला गोळा पिठात घोळवून हातात धरला. तसाच धरून उभी. तेल तापून धूर यायला लागला. मला वाटलं, आता टाकत नाही. कालोतिना मागून हळूच म्हणाली, "आजी, या खेपेला खिमा खरा आहे." तिने टाकला.

तो आवाज, साकेलारिस. अकरा वर्षांनी. मी तोंडावर एप्रन धरून मागच्या दारी गेले.

समोरची खिडकी धाडकन उघडली. मागाफूला, दुसरी कोण? टोमणा मारेल म्हणून मी वाट बघत होते. तिने नुसती छातीवर क्रॉसची खूण केली आणि खिडकी उघडीच ठेवली.

नोमिकोसचे लोक अंगठ्या घेऊन आले. सासूबाईंनी दारातच नाक वर केलं, हुंगलं, आत आल्या. एक उचलला, चावला आणि म्हणाल्या, "छान झालेत. पुदिना थोडा जास्त वाटतो का?"

आई म्हणाली, "जास्तच आहे. आमच्याकडे असेच करतात."

अंगठ्या झाल्या. लग्न ईस्टरनंतर. आईने स्वतः एकही खाल्ला नाही. अर्धे तळून आधीच ताटात काढून निळ्या काठाच्या त्या फडक्याने झाकून ठेवले होते. मी म्हटलं, हे साकेलारिसचे का? डार्विनला पोचेपर्यंत त्यांचं काय होईल ते सांगायला हवं का? ती म्हणाली, "मला वेडी समजतेस का?"

काल सकाळी तिने ते ताट घेतलं आणि घराबाहेर पडली. मी मागे मागे. तुझ्या बोटीवरच्या आठांपैकी दोघे आता नाहीत, एक अथेन्सला गेला. बाकी पाच घरं. ती प्रत्येक दारात उभी राहिली, फडकं उचललं आणि म्हणाली, "मिकेसच्या नावाने." बस. मेलेल्याच्या नावाने कोणी घास दिला तर नाही म्हणायचं नसतं. एकेका दांडग्याने, आता म्हातारेच ते, टोपी काढून ताटातला एक उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाला, "देव त्याला क्षमा करो." तुझा तो नळी धरणारा, पान्तेलिस, त्याला गिळेना. घास तोंडात ठेवून तो आईकडे बघत राहिला. आई म्हणाली, "खा. सांजेपर्यंत थांबायची गरज नाही." तेव्हा त्याला कळलं की तिला कळलंय. त्याने भिंतीला हात टेकला.

परत आल्यावर ती झोपली ती आज सकाळपर्यंत. तिला बरं वाटतंय असं मी लिहिणार नाही. उठल्यापासून बोललेली नाही, आणि चालताना भिंत धरते. पण कढई खिळ्याला परत गेली नाही. चुलीवर आहे.

तू ये म्हणून मी आता लिहीत नाही. ते तुझं तू ठरव. घरात जावई येतोय, तुझी खोली त्यांना देणार होते, आता देत नाही.

फडकं पाकिटात घातलंय. तेल कागदाला उतरलंय, म्हणून अक्षर असं फुटलेलं दिसेल. मी ते धुवायला घेतलं होतं, तर आईने हातातून ओढून घेतलं. आज पहिल्यांदा बोलली ती. म्हणाली, "असंच घाल. आणि त्याला लिही, या वेळी धुऊ नकोस."

थेमेलिना